एका पदवीची बदली

शासनात माणसांच्या बदल्या होतात हे सर्वांना ठाऊक असते. विषयांच्याही बदल्या होतात, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. कोणता विषय कोणत्या मंत्रालयाने हाताळायचा हे भारत सरकारच्या १९६१ च्या कार्य-विभाजन नियमांत लिहिलेले असते. हा दस्तऐवज वाचायला अत्यंत रुक्ष आहे. आम्हा अधिकाऱ्यांपैकीही फार थोडे जण तो स्वतःहून उघडतात. परंतु एखादा विषय एका मंत्रालयाच्या नावाखालून दुसऱ्याच्या नावाखाली गेला, की त्याचा निधी बदलतो, त्याच्या बैठकांना बोलावली जाणारी माणसे बदलतात आणि एका पिढीच्या आत त्या विषयाचा अर्थच बदलून जातो. हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षण हे याचे ठळक उदाहरण आहे. १९८० च्या दशकात ते केंद्राच्या अन्न विभागाकडून पर्यटन विभागाकडे गेले. ही बदली तेव्हा कुणाला खटकली नसावी. मला ती खटकते, आणि का खटकते ते या लेखात मांडतो. मते अर्थातच व्यक्तिगत आहेत.

निमित्त असे, की रायपूरला आल्यापासून दर उन्हाळ्यात, बारावीचे निकाल लागले म्हणजे, ओळखीचे पालक हाच एक प्रश्न घेऊन येतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको, की परमुलखातल्या मराठी मंडळात गणेशोत्सव, नाटक आणि मुलांची करिअर हे तीनच विषय बारमाही असतात. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ चे आहे. त्याच्याही आधी नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर होता आणि बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहत असत. म्हणजे येथे मराठी माणूस नवा नाही. तर चौबे कॉलनीतल्या मंडळाच्या आवारात भेटणारे पालक विचारतात, "साहेब, मुलाला हॉटेल मॅनेजमेंटला घालतो आहे. नोकरी लागेल ना?" नोकरी लागेल, हे मी सांगतो, आणि ते खरेही आहे. परंतु "मुलगा नक्की काय शिकणार आहे?" असे मी उलट विचारले, की बहुतेकांना उत्तर देता येत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. हे उत्तर शासनालाही देता येत नाही.

व्यवस्था कशी आहे ती पाहा. पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीत नोएडा येथे हॉटेल मॅनेजमेंट व केटरिंग तंत्रज्ञानाची राष्ट्रीय परिषद आहे. ती १९८२ मध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थांत तीन वर्षांची बी.एस्सी. मिळते, जिच्यावर पूर्वी इग्नूचा शिक्का असे व आता जेएनयूचा असतो. दुसरीकडे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेने राज्य विद्यापीठांची चार वर्षांची बी.एच.एम.सी.टी. चालते, पुण्याकडच्या वाचकांना ती परिचित आहे. पर्यटन-व्यवस्थापनासाठी १९८३ ची आणखी एक संस्था ग्वाल्हेरला आहे, आणि तिच्या पदव्यांचा संबंध आमच्या सीमेलगतच्या अमरकंटक येथील आदिवासी विद्यापीठाशी जोडला गेला. नवा रायपूरच्या उपरवारा येथे राज्याने आपली संस्था उभी केली. खाजगी महाविद्यालये तर वेगळीच. एकाच कामासाठी तीन वर्षे लागतात की चार, आणि ते विज्ञान आहे, तंत्रज्ञान आहे की व्यवस्थापन, यावर दोन केंद्रीय परिषदांचे एकमत नाही. या सर्व गोंधळात एक गोष्ट मात्र समान आहे. सर्वांचा ग्राहक एकच, तारांकित हॉटेल.

हे मूळचे असे नव्हते. या शिक्षणाची देशातली पहिली संस्था १९५४ मध्ये मुंबईत स्थापन झाली. जुने मुंबईकर तिला 'दादर केटरिंग' म्हणूनच ओळखतात. ती कुणा हॉटेलवाल्यांच्या संघटनेने काढली नाही. ती काढली अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने, लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने. त्यांचे पती कन्हैयालाल मुनशी १९५० ते १९५२ या काळात केंद्रात अन्न व कृषी मंत्री होते. ते दिवस धान्यटंचाईचे, रेशनचे आणि परदेशी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याचे होते. या महिला परिषदेने 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहे चालवली, ज्यांत रेशनच्या तांदूळ-गव्हाला पर्याय ठरणारे पदार्थ स्वस्तात मिळत. थोड्या धान्यात, स्वच्छतेने, पोषणमूल्य राखून पुष्कळ माणसांना कसे जेवू घालावे, हा त्या सगळ्या खटाटोपामागचा प्रश्न होता. केटरिंगचे शिक्षण या देशात टंचाईच्या पोटी जन्माला आले.

युरोप-अमेरिकेशी तुलना केली की हे वेगळेपण अधिक उठून दिसते. लोझानची प्रसिद्ध हॉटेल शाळा १८९३ मध्ये निघाली, ती स्विस हॉटेलमालकांच्या गरजेतून. आल्प्स पाहायला येणाऱ्या धनिकांची सरबराई करायला माणसे हवी होती. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९२२ मध्ये हा विषय सुरू केला, तोही हॉटेल उद्योगाच्या आग्रहाने आणि पुढे त्याच उद्योगातल्या स्टॅटलर यांच्या पैशावर. त्यात वावगे काही नाही. ज्याची गरज, त्याने शाळा काढावी आणि खर्च करावा. आपल्याकडे गरज भुकेल्या देशाची होती, खर्च जनतेचा होता, आणि काही काळाने शाळा मात्र हॉटेलांच्या स्वाधीन झाली.

१९८० च्या दशकात विषय पर्यटनाकडे जाण्याला तेव्हाच्या दृष्टीने कारण होते. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या निमित्ताने हॉटेले वाढली होती, परकीय चलन हवे होते, आणि पर्यटन विभागाला मनुष्यबळ लागत होते. परंतु या बदलीत कुणीही एक साधा प्रश्न विचारला नाही, की अन्न विभागाने हे शिक्षण ज्यासाठी सुरू होऊ दिले ते काम आता कोण करणार? खाते बदलताच यशाचे मोजमाप बदलले. आधी 'किती माणसे नीट जेवली' हे विचारता आले असते; आता 'किती मुलांना कोणत्या हॉटेलसाखळीत नोकरी लागली' एवढेच विचारले जाऊ लागले. प्रशासनात जे मोजले जाते तेच केले जाते, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे.

आज प्रवेशपरीक्षेत इंग्रजी, अंकगणित, तर्क, सामान्यज्ञान आणि सेवाक्षेत्राकडील कल तपासतात. पुढे पहिल्या वर्षी मुलगा बेशामेल, व्हेलूते, एस्पान्योल ही फ्रेंच सॉसेस शिकतो, नॅपकिनच्या घड्या शिकतो, पलंगाच्या चादरीचा कोपरा कसा दुमडावा ते शिकतो. फ्रेंच सॉसवर माझा राग नाही. एस्कॉफिए याने स्वयंपाकघराला जी लष्करी शिस्त लावली तिचे ऋण जगातले प्रत्येक मोठे स्वयंपाकघर मानते. आणि न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात मोठ्या प्रमाणावरील स्वयंपाकाचे प्रकरण आहे, त्यात वसतिगृह, रुग्णालय, कारखाना यांची नावेही येतात. आहारशास्त्र व रुग्णालयीन अन्नसेवा अशी एक पदव्युत्तर पदविकाही राष्ट्रीय परिषदेच्या यादीत आहे. म्हणजे जुने ज्ञान पुस्तकातून पुसले गेलेले नाही. फक्त त्या ज्ञानाला घेऊन विद्यार्थी कुठेच जात नाही. त्याला प्रशिक्षणासाठी पाठवतात ते हॉटेलातच.

या प्रशिक्षणाबद्दल अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून दोन शब्द लिहिणे भाग आहे. पदवीच्या मध्यावर एक संपूर्ण सत्र विद्यार्थी हॉटेलात काम करतो. त्या सत्राचे शुल्क तो संस्थेला भरतो आणि काम मालकाचे करतो. बदल्यात मिळणारे विद्यावेतन बहुधा खोलीभाड्यालाही पुरत नाही. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मानवी भांडवलावरील आपल्या ग्रंथात एक भेद केला होता. जे कौशल्य सर्व मालकांना उपयोगी पडते त्याचा खर्च शिकणारा सोसतो. जे एकाच आस्थापनेच्या उपयोगाचे असते त्याचा खर्च, निदान काही अंशी, त्या आस्थापनेने सोसला पाहिजे. अमुक साखळीच्या पद्धतीने स्वागतकक्षात नमस्कार कसा करायचा, तिच्या संगणकप्रणालीत खोली कशी नोंदवायची, हे दुसऱ्या प्रकारचे शिक्षण आहे. त्याचा खर्च आज विद्यार्थी आणि करदाता मिळून करतात. माझ्या परिचयाच्या एका मुलीने चार महिन्यांपैकी जवळजवळ तीन महिने मेजवानी विभागात काचेचे पेले पुसण्यात घालवले. हॉटेलचे नाव येथे लिहीत नाही, कारण ते एकाच हॉटेलचे वैशिष्ट्य नाही.

सार्वजनिक वित्ताचा प्राथमिक नियम असा आहे, की ज्या शिक्षणाचा लाभ शिकणारा व मालक यांच्यापलीकडे समाजाला होतो, तेथे सरकारी पैसा घालावा. सुरेख दुमडलेल्या नॅपकिनचा सगळा लाभ हॉटेलच्या बिलात वसूल होतो. स्वच्छ शिजलेल्या शाळेच्या वरणाचा लाभ कुठल्याच बिलात येत नाही, म्हणूनच तेथे सरकारची गरज आहे. आपण नेमके उलटे केले.

आता छत्तीसगडकडे वळतो, कारण हा विरोधाभास येथे जितका उघड दिसतो तितका क्वचित दुसरीकडे दिसेल. या राज्याने धान्यवाटपाची जी घडी बसवली तिचा अभ्यास करायला देशभरातून अर्थशास्त्रज्ञ येत. २००४ च्या सुमारास रेशन दुकाने खाजगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था व महिला गटांकडे दिली गेली. डिसेंबर २०१२ मध्ये राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला. केंद्राचा त्यानंतर २०१३ मध्ये आला. तांदूळ गोदामातून निघून दुकानापर्यंत कसा पोचतो याची नोंद येथे पोत्यापोत्याला आहे. मात्र तो तांदूळ एकदा शाळेच्या, आश्रमशाळेच्या, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शिरला, की शासनाची दृष्टी संपते.

काही वर्षांपूर्वी एका तपासणीच्या निमित्ताने बस्तर विभागातल्या एका निवासी शाळेत गेलो होतो. मुले पाचशेच्या आसपास. आमच्या तपासणी-पत्रकात तांदळाच्या साठ्यासाठी सात रकाने होते: प्रारंभिक शिल्लक, आवक, खर्च, घट वगैरे. शिजवलेल्या अन्नासाठी एकच रकाना होता, 'समाधानकारक अथवा असमाधानकारक'. स्वयंपाकघर म्हणजे पत्र्याची एक शेड. चुली चार, धुराला वाट नाही, भांडी घासायचे पाणी व भाजी धुवायचे पाणी एकाच टाकीतले, डाळ, तेल, फिनेल आणि चुना एकाच कोठीत. मुख्य स्वयंपाकी बाई अतिशय कष्टाळू होत्या. त्यांना कुणी कधी काही शिकवले होते का, असे विचारल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, भात शिजवायला काय शिकायचे?" त्यांच्यापुरते उत्तर बरोबर होते. परंतु पाच माणसांचा भात आणि पाचशेंचा भात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भात दोन तास कोमट राहिला तर त्यात काय वाढते, पाचशेंच्या डाळीला उकळी यायला किती लाकूड लागते, उकळते पातेले दोन बायकांनी उचलायचे की त्याला तोटी बसवायची, हे शास्त्र आहे. आणि हे शास्त्र शिकलेली माणसे आपण दरवर्षी हजारोंनी तयार करतो व हॉटेलांना आणि विहारनौकांना देऊन टाकतो.

कोठीत तेलाशेजारी फिनेल ठेवू नये, हा हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या आठवड्यातला धडा आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेत माध्यान्ह भोजन घेऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. त्यानंतर सूचना निघाल्या, की जेवण वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखून पाहावे. म्हणजे ज्याने गणित शिकवायचे, त्याने विषपरीक्षाही करायची. कोठी सांभाळणारा जाणकार माणूस नेमावा, ही सूचना मात्र आली नाही. औषधांच्या बाबतीत आपण असे वागत नाही. १९४८ च्या औषधनिर्माणशास्त्र कायद्याप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. गल्लीतल्या दुकानातही त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले असते. दहा गोळ्यांच्या पाकिटाला पदविकाधारक लागतो, आणि पाचशे मुलांच्या रोजच्या तीन जेवणांना कुणीही चालतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ पासून पंचवीस अन्नहाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा अशी योजना आणली हे खरे, पण ते प्रशिक्षण एका दिवसात उरकते. एका दिवसात फार्मासिस्ट झालेला मला माहीत नाही.

पैशांचे चित्रही पाहून घेऊ. १ मे २०२५ पासून पंतप्रधान पोषण योजनेत प्राथमिक वर्गातल्या एका मुलामागे रोजचा साहित्यखर्च ६ रुपये ७८ पैसे ठरला. धान्य त्याहून वेगळे मिळते. या रकमेत डाळ, भाजी, तेल, मीठमसाला आणि इंधन बसवायचे असते. हॉटेल मॅनेजमेंटमध्ये खाद्यखर्चाचे नियंत्रण हा स्वतंत्र विषय असतो: एका पदार्थाची प्रमाणित पाककृती, त्यातल्या प्रत्येक जिन्नसाचे वजन, सोलताना-निवडताना होणारी घट, आणि त्यावरून एका ताटाची किंमत. हे गणित हॉटेलात दोन रुपयांनी चुकले तर मालकाचा नफा थोडा घटतो. येथे दोन रुपयांनी चुकले, तर ताटातली डाळ पातळ होते. ज्या मुलाचे ताट, त्याला तक्रारवही ठाऊक नसते. आणि हे रोज पार पाडणाऱ्या स्वयंपाकी-मदतनीस स्त्रियांचे मानधन केंद्राच्या हिशोबात महिना १,००० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. २००९ मध्ये ठरलेला हा आकडा त्यानंतर दीड दशक तसाच राहिला. राज्ये आपापली भर घालतात. देशात अशा सुमारे २५ लाख स्वयंपाकी आहेत. जगातल्या कुठल्याही हॉटेलसाखळीपेक्षा हा आतिथ्य-व्यवसाय मोठा आहे, पण आतिथ्याच्या पुस्तकात त्याचे नाव नाही.

दादरची संस्था निघाली त्याच १९५४ साली जपानने शालेय भोजनाचा कायदा केला. युद्धाने होरपळलेला देश होता. परदेशी दूधभुकटीवर मुले जगत होती. त्यांनी शाळेचे जेवण शिक्षणाचा भाग मानले, त्यासाठी आहारतज्ज्ञ नेमले, आणि २००५ पासून तर 'पोषण शिक्षक' हे पदच निर्माण केले, जो जेवणाची आखणीही करतो आणि वर्गात शिकवतोही. दोन्ही देशांची सुरुवात एकाच प्रश्नापासून, एकाच वर्षी झाली. त्यांनी त्या प्रश्नासाठी पदे निर्माण केली. आपण पदवी निर्माण केली आणि तिची बदली केली.

आमच्याकडे इच्छा नव्हती असे नाही. महाराष्ट्रात १९९५ मध्ये एक रुपयाची झुणका-भाकर आली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. छत्तीसगडात पाच रुपयांची दाल-भात केंद्रे निघाली. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ च्या सुमारास गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या बायका गिरणीकामगारांना पिढ्यान्‌पिढ्या जेवू घालत होत्या. याच शहरात, त्याच सुमारास, दादरच्या संस्थेत मुले चांदीच्या चमच्यांनी वाढायचे शिकत होती. खाणावळवाली आणि केटरिंगचा पदवीधर या दोघांना एका खोलीत बसवावे असे ना विद्यापीठाला सुचले, ना शासनाला. झुणका-भाकर केंद्रांचे पुढे काय झाले ते मराठी वाचकांना सांगायला नको. योजना जाहीर करणारे राजकारणी होते, जागा देणारे महसूल खाते होते. केंद्र चालवायचे कसे हे जाणणारा माणूस त्या साखळीत कुठेच नव्हता.

मे २०२० मध्ये रायपूरच्या टाटीबंध चौकातून परतणाऱ्या मजुरांचे जथे जात होते. महाराष्ट्र-गुजरातेतून ओडिशा-झारखंडकडे जाणारा रस्ता तोच. तेथे शीख बांधवांनी आणि शहरातल्या सामान्य नागरिकांनी दिवसरात्र अन्न शिजवले. लंगरची परंपरा होती म्हणून ते जमले. त्या वेळी देशातल्या काही हॉटेल मॅनेजमेंट संस्थांनीही आपल्या उत्साहाने अन्न दिले. परंतु तो उत्साह होता, नेमून दिलेले काम नव्हे. पुराच्या वेळी कोणती बोट कुठून आणायची हे जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात लिहिलेले असते. दहा हजार माणसांचे जेवण कोण शिजवणार, या प्रश्नापुढे 'स्वयंसेवी संस्था' असे दोन शब्द लिहून आम्ही पुढचे पान उलटतो.

माझे हे म्हणणे ऐकून हॉटेल उद्योगातले मित्र दोन आक्षेप घेतात. पहिला असा, की लाखो रुपये शुल्क भरून कुणाचा मुलगा आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात जाणार? आज जाणार नाही, कारण तेथे पदच नाही. परिचारिकेचे काम एकेकाळी आपल्या समाजात किती हलके मानले जाई ते जुन्या वाचकांना आठवत असेल. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, रुग्णालयांत पदे मंजूर झाली, वेतनश्रेणी आली, आणि आज त्याच पदवीसाठी रांगा लागतात. प्रतिष्ठा पदामागून येते. शिवाय हॉटेलात गेलेले तरी तेथे किती टिकतात? बारा-बारा तासांच्या पाळ्या करून तिशीच्या आत बँकेच्या विमाविक्रीत किंवा कॉल सेंटरमध्ये गेलेली मुले माझ्या ओळखीत आहेत, आणि बहुधा वाचकांच्याही असतील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पदवीधर आले की गरीब स्वयंपाकी बायकांची भाकरी जाईल. ही भीती मला पूर्णपणे मान्य आहे. केंद्रीय स्वयंपाकघराचे ठेके देऊन काही ठिकाणी तसे घडलेही आहे. म्हणूनच मी पदवीधराला चुलीपुढे बसवा असे म्हणत नाही. त्याने कोठी, पाणी, वजनमाप, इंधन, धूर, खरेदी आणि प्रशिक्षण पाहावे. चूल बायकांचीच राहावी. पर्यटन मंत्रालयाने २००९-१० पासून 'हुनर से रोजगार' या नावाने आठवी पास मुलांसाठी सहा-आठ आठवड्यांचे वर्ग चालवले. ते वर्ग हॉटेलांसाठी चालू शकले, तर आश्रमशाळेच्या स्वयंपाकीसाठी का नाही? रायपूरच्या संस्कृती विभागाच्या आवारात २०१६ पासून 'गढ कलेवा' आहे. बचतगटाच्या बायका तेथे चीला, फरा, मुठिया, ठेठरी, खुरमी करून विकतात आणि लोक रांगा लावून खातात. फरा वाफवण्याचे तंत्र त्यांच्याकडून पदवीच्या विद्यार्थ्याने शिकावे आणि त्याने त्यांना हिशोब व साठवण शिकवावी, हा सौदा दोन्ही बाजूंना परवडणारा आहे.

पर्यटनाची पदवी घेणाऱ्यांबाबतही थोडक्यात लिहितो. कांगेर खोऱ्यातल्या धुडमारास या धुरवा आदिवासींच्या गावाची संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने २०२४ मध्ये आपल्या उत्कृष्ट पर्यटन-ग्राम उपक्रमाच्या उन्नयन यादीत निवड केली. तेथे लोक आपल्या घरात पाहुणे ठेवतात, बांबूच्या तराफ्यावरून नदीत फिरवतात. अर्थशास्त्रात पर्यटनाच्या 'गळती'ची संकल्पना आहे: पर्यटकाने खर्च केलेल्या शंभर रुपयांपैकी किती त्या गावात राहतात आणि किती बाहेर वाहून जातात. चित्रकोट धबधबा पाहायला आलेल्या माणसाच्या शंभर रुपयांतले किती बस्तरात राहतात, हे काढणे पर्यटन-व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाचा गृहपाठ असायला हवा. त्याऐवजी विद्यार्थी विमानकंपनीच्या तिकीटप्रणालीचे पडदे पाठ करतात. विद्यापीठाने उद्योगाला माणसे पुरवावीत, हे ठीक. पण उद्योगाला प्रश्न विचारणे हेही विद्यापीठाचेच काम आहे, आणि ते काम मंत्रालयाच्या प्रशिक्षणकेंद्राला जमणार नाही.

करायचे काय? विषय परत अन्न मंत्रालयाकडे न्यावा असे मी म्हणत नाही. आता ते होणेही नाही. छत्तीसगडात १४६ विकासखंड आहेत. प्रत्येक विकासखंडाला एक पाकशाळा पर्यवेक्षक, आणि पाचशे मुलांवरील प्रत्येक निवासी शाळेला व प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला एक, एवढी पदे निर्माण करून त्यांच्या भरती-नियमांत हॉटेल मॅनेजमेंटची पदवी ही अर्हता लिहिली, तरी पुष्कळ होईल. भरती-नियमांत एक ओळ घालायला विधानसभा लागत नाही. केंद्राने आपल्या बाजूने एवढेच करावे, की प्रशिक्षणाच्या सत्रातला अर्धा काळ रुग्णालय, वसतिगृह, रेल्वे किंवा सैन्याच्या स्वयंपाकघरात काढणे सक्तीचे करावे, आणि राष्ट्रीय परिषदेच्या मंडळावर शिक्षण, आरोग्य व महिला-बालविकास मंत्रालयांचा मत देणारा सदस्य असावा, केवळ निमंत्रित नव्हे. वित्त विभाग विचारेल, की या पदांचे समर्थन काय. त्याला उत्तर म्हणून अन्नाची नासाडी, इंधनाची बचत आणि मुलांचे आजारपणाचे दिवस यांचा हिशोब एका जिल्ह्यात वर्षभर काढून दाखवता येईल.

परदेशातल्या वाचकांकडून मला एक मदत हवी आहे. आपल्यापैकी काही जण, किंवा आपल्या घरातले कुणी, ब्रिटन, सिंगापूर, आखाती देश किंवा अमेरिकेत शाळांच्या व रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांत व्यवस्थापक असतील. काही तर दादर केटरिंगचेच विद्यार्थी असतील. अशा पदाची लेखी कर्तव्यसूची, म्हणजे सकाळी आल्यापासून जाईपर्यंत कोणत्या नोंदी करायच्या, कोणते तापमान कधी मोजायचे, कोणत्या कागदावर कुणाची सही लागते, ती असेल तशी पाठवावी. भाषा इंग्रजी असली तरी चालेल. पदनिर्मितीच्या टिपणीला जोडपत्र म्हणून तीच लागते, आणि येथे तयार नमुना कुठेही उपलब्ध नाही.